डबी कुठे लावायची

मस्कतहून धाकट्याने पाठवलेली डबी,
साबणाच्या वडीएवढी, पांढरी,
तीन दिवस टीव्हीवर पडून होती.
आज हर्णै बंदर ओस, बोटी बाहेर, थोरलाही बाहेर.
स्क्रू माझ्या ओठांत,
आणि निलांबरी सोबतचा कागद वाचतेय
मोठमोठ्याने, कारण माझे कान
सत्तावीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनाला दिलेले.

मी म्हटलं, शेगडीच्या वर लावू.
ती म्हणाली, नको. शेगडी पेटवली की बोंबलेल,
आणि रोज खोटं ओरडणाऱ्याचं
खऱ्या दिवशी कोण ऐकतं?
मग न्हाणीत, गॅसच्या गिझरशेजारी?
वाफेने आंधळी होईल.
खिडकीशी?
तिथला वारा सगळं पुसून नेईल, हिला पत्ताच नाही.
कपाटाच्या मागे, दिसणार नाही अशी?
“आबा, डबी आहे ती. दागिना नाही लपवायला.”

जुन्या घराला कौलं होती.
धूर त्याच्या वाटेने जायचा,
चांदणं त्याच्या वाटेने यायचं.
आता स्लॅब आहे, सरकत्या काचा आहेत.
न्हाणीची झडप तर मीच बंद केली वादळानंतर,
प्लायवूड ठोकून, वर सिलिकॉनची धार ओढून,
होडीची फट भरावी तशी.
पाण्याने आत येऊ नये एवढंच बघितलं.
आतलं बाहेर कसं जाईल
हे होडीला कुणी विचारत नाही.

नाक मात्र शाबूत आहे माझं.
पाकट, डिझेल, ओलं जाळं,
सुकटीला किती ऊन कमी पडलं तेही सांगेन.
सिलिंडरचा गॅस निदान घाण वास घेऊन येतो,
खोकत येणारा चोर.
हा तसा नाही.
याला मी एकदाच भेटलोय.

बाणकोटच्या बाहेर नांगर टाकलेला,
डिसेंबर, जोमाला हुडहुडी.
निखाऱ्यांचं घमेलं त्याने केबिनमध्ये घेतलं
आणि फळी लावून घेतली.
माझी पाळी होती, मी वर.
पहाटे फळी काढली तर
गाल लाल, जत्रेतून आल्यासारखे.
मी चहाला हाक मारली.
पुन्हा मारली.
चहा निवला तरी मारत होतो.

हे निलांबरीला कधी सांगितलं नाही. आजही नाही.
एवढंच म्हटलं, झोपतो तिथे लाव.
जागा माणूस निदान म्हणतो डोकं दुखतंय,
झोपलेला काही म्हणत नाही.
ती कागदावरून बोट फिरवत थांबली.
तिथेही तेच होतं.

दोन खोल्यांच्या मधल्या बोळात, भिंतीवर,
पेन्सिलीची खूण, चार वेळा पुसलेली.
मग परीक्षा:
भर दुपारी सगळे आपापल्या अंथरुणात,
दारं लावून, पंखे सोडून.
रेवा स्टुलावर चढली, बटण दाबलं.
निलांबरी ताडकन उठून बसली म्हणे,
माडाखालचा कुत्रा पिसाळल्यासारखा भुंकला म्हणे.
मी पंख्याकडे बघत होतो,
अजून का वाजत नाही म्हणून.
दार ढकलून रेवा आली, कमरेवर हात,
“आबा, तुम्ही मेलात!”

आम्ही हसलो. आधी ती, मग मी,
निलांबरी नाही.
तिने तिथूनच मस्कतला फोन लावला: अजून एक डबी,
आबांच्या उशाशी, त्यांना हलवून उठवेल अशी मिळते का बघ.
रेवाला बजावलं, वाजली की थेट अंगणात,
आबांना उठवायला यायचं नाही, ते काम माझं.
रेवाने मान हलवली.
माझ्याकडे बघून डोळाही मिचकावला,
तेव्हा मीही बजावलं, हसू न देता.

संध्याकाळी पटाशी घेऊन न्हाणीत गेलो.
सिलिकॉन चिवट, मीच ओढलेलं.
फळी सुटली तशी
बंदरावरची हवा तोंडावर आली,
खारट, किंचित कुजकी,
वासाची.